कंपनीला नेमकं किती कळायला हवं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. हिंजवडीतल्या तुमच्या कंपनीने एका अमेरिकी बँकेच्या प्रोजेक्टवर घेण्याआधी लघवीची ड्रग टेस्ट करायला सांगितली आहे. फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधं' असा रकाना आहे. तुम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने घाबरेपणासाठी अल्प्राझोलाम घेता आणि ते एचआरला कळू द्यायचं नाहीये. कंपनीला असं विचारायचा अधिकार आहे का, आणि नाही म्हणता येईल का?

आधी गोळीचं सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेलं औषध हा गुन्हा नाही आणि गैरवर्तनही नाही. ते एचआरकडे जाणाऱ्या कागदावर लिहू नका. अमेरिकेच्या परिवहन खात्याचे टेस्टचे नियम या सगळ्या पद्धतीचा नमुना मानले जातात. त्यांतसुद्धा कर्मचाऱ्याने औषधांची नावं फॉर्मवर लिहू नयेत असंच आहे. हवं तर त्याने स्वतःच्या प्रतीमागे आठवणीसाठी टिपून ठेवावीत, ती पुढे कुणाकडेही जात नाहीत. तिथे लॅबचा पॉझिटिव्ह निकाल थेट मालकाच्या हातात पडत नाही, मधे एक स्वतंत्र डॉक्टर असतो. तो आधी कर्मचाऱ्याला फोन करतो, कोणतं औषध, कुणी लिहून दिलं, याची खात्री करतो, आणि खुलासा खरा ठरला तर मालकाला 'निगेटिव्ह' असं कळवतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी टेस्टची अट तेवढी आली, मधला डॉक्टर आलाच नाही.

शिवाय त्या खात्याची टेस्ट वर्षानुवर्षं पाच गटांपुरती राहिली: गांजा, कोकेन, अँफेटामाइन, अफूवर्गीय आणि पीसीपी नावाचा नशेचा पदार्थ. अल्प्राझोलामचा गट त्यात नाही. म्हणजे अवजड ट्रक चालवणाऱ्याच्या लघवीत जे शोधत नाहीत, ते कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्याच्या लघवीत 'टेन पॅनेल' म्हणजे दहा गटांच्या टेस्टच्या नावाखाली शोधलं जातं. याचा मला मनापासून राग येतो.

मी बरीच वर्षं कारखान्यांत कंपनी डॉक्टर होतो. कामगारांचं रक्त आणि लघवी तपासणं हे माझं रोजचंच काम. बॅटरीच्या कारखान्यात रक्तातलं शिसं तपासायचो. ते वाढलेलं दिसलं की त्या माणसाला त्या कामावरून हलवायचं. ती तपासणी कामगाराला कारखान्यापासून वाचवण्यासाठी होती, म्हणून ती कुणाला जाचक वाटायची नाही. ड्रग टेस्टमध्ये दिशा उलटी होते. इथे कारखाना स्वतःला कामगारापासून वाचवत असतो. तसं करायला कधीकधी सबळ कारण असतं, पण मग ते कारण दाखवायची जबाबदारी मालकाची.

आणि ही टेस्ट नेमकं काय सांगते? माणूस आत्ता नशेत आहे का, हे ती सांगतच नाही. शरीराने पदार्थ पचवल्यावर उरलेले अंश तेवढे लघवीत सापडतात. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत ते महिनाभरही राहू शकतात, कोकेनचे दोन-चार दिवसांत जातात, आणि रात्रभर दारू पिऊन सकाळी मशीनवर उभा राहिलेला माणूस या टेस्टमधून आरामात निसटतो. बनारसला सरकारी परवान्याच्या दुकानातून भांग पिऊन आलेला माणूस कायद्याने निर्दोष, टेस्टमध्ये मात्र दोषी ठरू शकतो. खसखशीमुळेही लघवीत मॉर्फिन दिसतं. याच कारणाने अमेरिकेने १९९८ साली अफूवर्गीयांची मर्यादा मिलीलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली.

एका कारखान्यात झालेलं सांगतो. क्रेन ऑपरेटरला खोकल्यासाठी कोडीन या अफूवर्गीय द्रव्याचं औषध चालू होतं. दवाखान्यातल्या झटपट स्ट्रिपवर तो पॉझिटिव्ह आला. नावं लिहिलेले कप टेबलावर रांगेने उघडे ठेवलेले, येणारा-जाणारा बघत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शॉपमध्ये त्याचं नाव 'गर्दुल्ला' पडलं. पुढे लॅबचा पक्का अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जुळली, कामावरही घेतलं. पण चिकटलेलं नाव निघालं नाही आणि शेवटी त्याने बदली मागून घेतली. क्रेन चालवणाऱ्याची तपासणी व्हावी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. वाईट होती ती करण्याची रीत.

टेस्ट कुठे रास्त आणि कुठे नाही, हा भेद मूळ अमेरिकेतही न्यायालयात मांडला गेला. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमध्ये रेल्वे अपघातात १६ माणसं गेली आणि इंजिनावरच्या लोकांनी गांजा ओढलेला होता. त्यानंतर १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कर्मचारी आणि कस्टम्स अधिकारी, दोघांच्याही टेस्ट एकाच दिवशी वैध ठरवल्या. न्यायमूर्ती स्कालिया रेल्वेच्या निकालात बहुमतासोबत होते, कस्टम्सच्या निकालात मात्र त्यांनी विरोधी मत दिलं. रेल्वेत नशेमुळे अपघात झाल्याचा पुरावा होता, कस्टम्समध्ये तसा काही त्रास असल्याचं कुणी दाखवलंच नव्हतं. मला हाच निकष योग्य वाटतो. आपल्याकडे डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने २०२२पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी अशी चाचणी लागू केली. वर्षाला किमान १० टक्के लोकांची, अचानक. पहिल्यांदा पक्कं पॉझिटिव्ह आल्यास व्यसनमुक्तीकडे पाठवतात. हे मला पटतं. बँकेचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्याला तोच न्याय लावणं पटत नाही.

खासगी नोकरीतल्या ड्रग टेस्टसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, पण तो प्रामुख्याने सरकारविरुद्ध वापरता येतो. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात 'नोकरीच्या कारणासाठी' संमतीशिवाय माहिती वापरायची वाट ठेवली आहे, आणि ती मला फार रुंद वाटते. तरी मालकाला किती कळायला हवं, या प्रश्नावर आपल्या न्यायालयांची नजर याआधीही गेली आहे. नीरा माथुर यांना एलआयसीने नोकरीतून काढलं होतं, कारण फॉर्ममधल्या पाळी आणि गरोदरपणाच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी खरी दिली नाहीत असा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकानेच काढून टाकायला सांगितलं. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्हीबाधित कामगाराच्या प्रकरणात म्हटलं की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना मोठा धोका नसेल, तर निव्वळ निदानावरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. कंपनीला 'कामाला योग्य' किंवा 'अयोग्य' एवढंच कळायला हवं. कोणता आजार, कोणती गोळी, हे डॉक्टरापाशीच थांबलं पाहिजे.

सरळ नकार दिलात तर प्रोजेक्ट जाण्याची शक्यता खरी आहे. ऑफर लेटरमधली 'स्वखुशीची' संमती कितपत स्वखुशीची असते, ते आपण दोघंही जाणतो. म्हणून आधी ईमेल करा. टेस्टमध्ये कोणते गट आहेत, स्ट्रिपनंतर लॅबमध्ये पक्की तपासणी होते का, पॉझिटिव्ह आल्यास कोणता डॉक्टर माझ्याशी बोलेल, अहवाल कोण बघेल आणि किती दिवस ठेवतील, एवढं विचारा. नमुना देताना दोन बाटल्या तुमच्यासमोर सीलबंद होऊ द्या, सीलवर सही करा. चिठ्ठीची प्रत बंद पाकिटात, फक्त तपासणाऱ्या डॉक्टरच्या नावाने द्या.

आणि टेस्टच्या भीतीने गोळी एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. कमी करायची असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू.