मोटरसायकलच्या मागे छोटा ट्रेलर जोडून लांबचा प्रवास करता येईल का?

तुम्ही साताऱ्याचे, गाडी हिमालयन 450, आणि दोघं मिळून मनालीमार्गे लेहला जायचं म्हणताय. तंबू, शेगडी, कपडे मावत नाहीत. इंग्लंडमधल्या मेहुण्यानं तिकडच्या बाइकमागच्या ट्रेलरचे फोटो पाठवलेत, तेव्हा इथं कुणाकडून तरी तसा बनवून घ्यावा का, असं विचारताय.

माझं कुपवाड एमआयडीसीत ट्रॉल्या बनवायचं काम आहे. ट्रॅक्टरच्या. बाइकसाठी विचारणारा अधूनमधून येतो, त्याला सांगतो तेच तुम्हालाही: बनवणं सोपं आहे, ओढणंही जमतं, पण आपल्या रस्त्यावर नेऊ नका, आणि मी तरी बनवून देणार नाही.

ओढायची चिंता नाही. तुमचं 40 अश्वशक्तीचं इंजिन 80-90 किलो सहज ओढेल. भानगड आहे ती थांबण्याची. एवढ्या छोट्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सहसा नसतोच. पसरणीचा घाट उतरताय असं धरा. 15 मीटरला एक मीटर उतार असेल तर 90 किलोचा ट्रेलर तुम्हाला मागून साधारण 6 किलोनं ढकलत राहतो. हे काहीच नाही, दोन नंबरवर इंजिन ब्रेकनं सांभाळता येतं. पण वळणावर समोर एसटी आली आणि तुम्ही जोरात ब्रेक दाबला, तर तोच ट्रेलर 40-45 किलोचा धक्का देतो. शिवाय तेव्हा गाडी वळलेली असते, ट्रेलर अजून वळणाच्या मागच्या तोंडाला असतो, त्यामुळे धक्का सरळ न येता तिरका, मागच्या चाकाला बाहेर फेकणारा येतो. रस्त्यावर मुरूम किंवा ओला चिखल असला तर पुढचं सांगायला नको.

दुसरी गोष्ट हुकावरच्या वजनाची, आणि इथं बहुतेक जण फसतात. सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला गेलं तर दांडी हलकी होते आणि ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. एकदा डुलायला लागला की ब्रेक मारणं किंवा हँडलनं सरळ करायला जाणं, दोन्ही घातक. थ्रॉटल हळू सोडायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा, एवढंच हातात असतं. म्हणून भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के, फार तर पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो. तो मोजायला घरचा वजनकाटा पुरतो, फक्त दांडी हुकाच्या उंचीवर ठेवून मोजायची.

मग जास्त भार टाकला तर बरंच की, असं वाटेल. तसंही नाही. आपल्याकडे गळीत हंगामात चढाला लागलेला, जादा ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढून उचललेला तुम्ही पाहिला असेलच. कारण तेच: हूक मागच्या चाकाच्याही मागे असतो, तिथला भार पुढचं टोक उचलतो. तुमच्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर साधारण दीड मीटर आहे. हूक मागच्या आसापासून 60 सेंटीमीटर मागे धरला, तर हुकावरचे 10 किलो पुढच्या चाकावरचे 4 किलो कमी करतात. बायको मागे बसलेली, मागे बॅगा लटकलेल्या, वर हे. घाट चढताना हँडल हलकं लागायला लागेल.

आता जोडणीचं. मोटरसायकल वळताना कलते, दोन चाकी ट्रेलर कलत नाही. म्हणजे हुकाला डावी-उजवी, वर-खाली आणि शिवाय दांडीभोवती फिरायची मुभा पाहिजे. ट्रॅक्टरच्या पिनला एवढं नेमकं काम करावं लागत नाही, म्हणून आमच्यासारख्यांकडून हौसेनं बनवून घेतलेली जोडणी बहुतेक इथंच चुकते. एकचाकी ट्रेलर बाइकबरोबर कलतो, पण मग त्याचा तोल गाडीनंच सांभाळायचा. खड्ड्यांचं तर विचारूच नका. तुम्ही दोन खड्ड्यांच्या मधून सफाईनं गाडी काढाल, आणि दोन चाकी ट्रेलरची दोन्ही चाकं बरोबर त्या दोन खड्ड्यांत जातील. लोक हूक मागच्या सबफ्रेमला वेल्ड करून मागतात, तेही नको. ती फ्रेम माणूस आणि बॅग पेलायला केलेली असते, ओढायला नाही.

इंग्लंडमध्ये चालतं, कारण तिथं त्याला नियम आहेत. इंजिन 125 सीसीपेक्षा मोठं हवं, ट्रेलर एक मीटरपेक्षा रुंद नको, बाइकच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेवटापर्यंत अडीच मीटरच्या आत, आणि भरलेल्या ट्रेलरचं वजन 150 किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल ते. तुमची 196 किलोची गाडी त्या हिशेबानं 130 पर्यंत ओढू शकली असती. वजनं गाडीवर आणि ट्रेलरवर लिहावीही लागतात.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला स्वतःचा नंबर असतो तो त्यामुळेच. तुमच्या घरगुती ट्रेलरचं पासिंग करून घ्यायला तुम्ही एमएच 11 च्या ऑफिसात गेलात, की पहिला प्रश्न येणार, हा कुणी तयार केला आणि कुठल्या मंजुरीनं. बाइकला हूक जोडणं कलम 52 खाली गाडीतला बदल ठरू शकतं, आणि विनापरवानगी बदलाला कलम 182अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पण दंड ही त्यातली लहान बाब. अपघातात तिसरा माणूस जखमी झाला, तर विमा कंपनी त्या हुकाकडेच बोट दाखवील.

मग सामानाचं काय करायचं? नियमात बसणारा डबा लावता येतो: लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटरच्या आत. तो मागच्या सीटच्या जागेवर ठेवला तर बायकोला बसवता येत नाही, सीटच्या मागे ठेवावा लागतो. दोन्ही बाजूंना बॅगा लावा, जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला भरा. गाडीच्या पुस्तकातली एकूण वजनाची मर्यादा तुम्हा दोघांना धरून मोजा, ती लोकांच्या अंदाजापेक्षा लवकर संपते.

आणि शेगडी-तंबू खरंच लागतात का बघा. मनाली-लेह रस्त्यावर मोसमात राहायला तंबू आणि गरम जेवण मिळतं. गाटा लूप्सची 21 वळणं आणि नाल्यांचं पाणी ट्रेलर घेऊन पार करायचं, तेही सोबत बायकोला घेऊन, त्यापेक्षा जड सामान मनालीपर्यंत पार्सलनं पुढे पाठवा आणि तिथून नेमकं लागेल तेवढंच गाडीवर घ्या.