क्रोनोग्राफवरची, म्हणजे स्टॉपवॉचवाल्या घड्याळावरची, चार आणि पाचच्या मधल्या खिडकीतली साडेचारची तारीख खरंच इतकी वाईट दिसते का? की बिनतारखेचंच घड्याळ घ्यावं?

वाईट दिसत नाही. कुणी बोट ठेवून दाखवली की मग तेवढीच दिसत राहते, आणि बोट ठेवणारे घरातच असतात. माझ्याकडे थोरला भाऊ आहे.

तीन, सहा आणि नऊवर सबडायल, म्हणजे डायलमधल्या छोट्या तबकड्या, असतील तर तारखेने जायचं कुठे? तारखेची चकती मूव्हमेंटच्या (आतल्या यंत्राच्या) कडेने फिरते, म्हणजे खिडकी परिघावर कुठेही कापता येते, पण मोकळी जागा उरते ती दोन सबडायलच्या मधे. झेनिथने १९६९ मध्ये एल प्रिमेरो मूव्हमेंटच्या घड्याळाला साडेचारवर खिडकी दिली ती म्हणून. त्याच वर्षीच्या ह्यूअर मोनॅकोत सबडायल दोनच, तीन आणि नऊवर, तर तारीख सहावर आली. व्हालजू ७७५० या मूव्हमेंटचे सबडायल बारा, नऊ आणि सहावर, त्यामुळे तीनवर वार-तारीख ऐसपैस बसते. आधी यंत्र जागा ठरवतं, डिझायनरची पाळी नंतर.

दादाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, खरा क्रोनोग्राफ बिनतारखेचाच. चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरवर तारीख होती का? रोलेक्सच्या डेटोनावर कधी आली का? (नाही. एवढं त्याचं बरोबर आहे.) माझ्या मनगटावरचं साडेचारवालं दिसलं की चारचौघांत म्हणायचा, ‘गालावर चामखीळ असलेलं बघून घेतलंस का रे?’

पुढे त्याने स्वतः एक महागडं बिनतारखेचं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ घेतलं. कंपनी कुठली ते जाऊ दे. माझ्यासमोर ठेवून म्हणाला, ‘बघ, स्वच्छ डायल कशाला म्हणतात!’ मी हातात घेतलं आणि वेळ लावायला चावी ओढली. पहिला खटका लागला. फिरवली, तर काटे जागचे हलेनात. अजून ओढली, दुसरा खटका लागला, तेव्हा कुठे काटे फिरले.

‘दादा, हा मधला खटका कशाचा?’

‘असतो तो.’

असतो कसला! तारीख लावायचा खटका तो. मूव्हमेंट तारखेचंच, डायलला भोक तेवढं पाडलेलं नाही. आणि त्यात कमीपणाही काही नाही. १९८८ पासून डेटोनात बसायचं ते मूव्हमेंट मुळात एल प्रिमेरोच. रोलेक्सने त्यातली तारीख काढली, ठोके तासाला ३६,००० वरून २८,८०० वर आणले आणि २००० साली स्वतःचं ४१३० मूव्हमेंट येईपर्यंत तेच वापरलं. हे सांगितलं तर दादा म्हणतो, विषय बदलू नकोस. अहो, विषय हाच तर होता!

खिडकी वाईट असते, पण ती साडेचारवर असल्यामुळे नव्हे. साध्या ऑटोमॅटिक मूव्हमेंटवर क्रोनोग्राफचा वेगळा थर चढवलेला असला की चकती त्या थराखाली जाते आणि आकडा खोल, अंधारात दिसतो. (अशा घड्याळात चावी आणि बटणं बाजूने पाहिलं तर एका रेषेत नसतात.) काळ्या डायलवर पांढरी चकती हा निव्वळ आळस. मोठ्या केसमध्ये छोटं मूव्हमेंट बसवलं की खिडकी कडेपासून आत सरकते, तेही बघवत नाही. उलट लांगे या जर्मन कंपनीचं १९९९ चं डॅटोग्राफ बघा. दशकाला फुलीसारखा वेगळा तुकडा, एककाला वेगळी चकती, बाराखाली भलीमोठी तारीख आणि दोन्ही सबडायल मध्यरेषेच्या खाली उतरवलेले, असा तिघांचा त्रिकोण. त्यातली तारीख काढली तर डायल लंगडं होईल. ब्राइटलिंगने मात्र २०२२ मध्ये नॅव्हिटायमरची तारीख साडेचारवरून सहाच्या सबडायलमध्ये नेली. लोकांच्या कुरकुरीला कंपन्या अशा वाकतात. मला जुनीच जागा बरी वाटायची.

हां, एक राहिलं. तुमच्याकडे तीन-चार घड्याळं असतील आणि आलटून पालटून घालणार असाल, तर बंद पडलेल्याची तारीख दर वेळी लावायचा कंटाळा येतो. रोज एकच घातलं तरी वर्षातून पाचदा ती हाताने पुढे करावी लागतेच. आणि रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान झटपट तारीख बदलायला जाऊ नका, बऱ्याच मूव्हमेंटमध्ये दाते दुखावतात. चाळिशी उलटली असेल तर तो आकडा चष्म्याशिवाय वाचता येतो का तेही बघा. मला येत नाही, पण हे दादाला सांगायची गरज नाही.

कुठलं मॉडेल घ्यावं ते तुमचं तुम्ही ठरवा. बिनतारखेचंच घ्यायचं ठरलं तर दुकानात चावी ओढून खटके मोजा. एक असेल तर उत्तम. दोन असले तरी खुशाल घ्या, घड्याळ म्हणून ते तितकंच चांगलं असेल, फक्त मग साडेचारवाल्यांना नावं ठेवायची नाहीत.