आधी कमी कर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रविवारी पोचली. सोबत पेशंटच्या जिभेचा फोटो, चार आठवड्यांची चिनी काढ्याची प्रिस्क्रिप्शनं आणि शेवटी एक ओळ: ‘मॅडम, झोपेसाठी यात अजून काय घालू?’ लगेच उत्तर दिलं असतं, पण राग आला होता. तुझा थोडा, माझा जास्त. म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

काही घालू नकोस. आधी कमी कर.

तुझे कागद मी स्वयंपाकघराच्या टेबलावर ओळीने मांडले आणि पेन्सिलीने मोजले. पहिल्या आठवड्यात 9 औषधं, दुसऱ्यात 12, तिसऱ्यात 15, आता 19. तो धडधड म्हणाला, तू एक वाढवलंस. घाम म्हणाला, दोन वाढवलीस. काही विसरत नाही म्हणाला असता तर त्यालाही तू काहीतरी शोधलं असतंस. हे प्रिस्क्रिप्शन राहिलेलं नाही, महिन्याची वाणसामानाची यादी झाली आहे. 41 वर्षांचा माणूस, पत्रं वाटणं हा धंदा, कोविड होऊन सात महिने झाले तरी जिना चढला की बसावं लागतं. तो घाबरलेला आहे, आणि त्याची भीती तुला लागली आहे. दर भेटीत हातावर काहीतरी नवं ठेवलं नाही तर आपण बिनकामाचे ठरू, ही भीती. मला ती ओळखीची आहे.

हुआंग ची, ती ताकद देणारी मुळी, 30 ग्रॅम कुठून आली तेही मला कळलं. चीनच्या 2020च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत कोविडनंतर सावरण्याच्या काळासाठी जे पहिलं मिश्रण आहे, ते फुप्फुस आणि प्लीहा यांची शक्ती उतरलेल्यांसाठी आहे. त्यात हा आकडा आहे. तू तो बरोबर उचललास. पण त्याच्याच खाली दुसरं मिश्रण आहे, ते वाचलंस का? दम, थकवा, कोरडं तोंड, तहान, धडधड, भरपूर घाम, किंचित ताप किंवा नाहीच. तिथे हुआंग ची औषधालाही नाही. मैदोंग ही ओलावा देणारी मुळी आहे, बांबूची पानं आहेत, जिप्सम आहे. तुझ्या फोटोत जिभेचं टोक लाल आहे, मधे कोरडी चीर आहे आणि मुळाशी पिवळट थर. माणूस कुठल्या मिश्रणाचा आहे ते फोटो ओरडून सांगतोय. तू पहिलं निवडलंस कारण त्यात ताकद आहे, आणि थकलेल्याला ताकद द्यावी असं कुणालाही वाटतं.

चोर घरात असताना दार लावलं तर चोर आतच राहतो. चिनी वैद्यांची ही म्हण मी तुम्हाला दुसऱ्या सत्रात फळ्यावर लिहून दिली होती. उष्णता पूर्ण निघालेली नसताना पौष्टिक औषधं चढवायची नाहीत, इतकाच तिचा अर्थ. तुम्ही सगळ्यांनी ती वहीत उतरवली आणि परीक्षेत लिहिली. मग पेशंट समोर आला.

जिनसेंगच्या मुळीवर तो तीन दिवस ‘एकदम पूर्वीसारखा’ होता, असं तू लिहिलंस. ते वाचून मला धस्स झालं. कारण पुढची ओळ वाचायच्या आधीच मला माहीत होती: चौथ्या दिवशी तो पत्रं वाटायची पूर्ण फेरी चालून आला आणि मग आठवडाभर अंथरुणात. तुझ्या औषधाने त्याला ताकद मिळाली नाही, गं. थकवा जिथे ‘थांब’ म्हणतो तो आवाज तेवढा बंद झाला. उसने पैसे हातात आले आणि त्याने ते एका दिवसात उडवले. वर तू त्याला रोज वीस मिनिटं वाढवत चालायला सांगितलं होतंस. का? मी शिकवलं म्हणून.

हो, मीच शिकवलं. 2016पर्यंत मी वर्गात हेच सांगत होते.

आता थोडं माझं ऐक. 2012च्या हिवाळ्यात माझ्याकडे एक मुलगी यायची. एकोणीस वर्षांची, एपस्टाइन-बार विषाणूच्या तापानंतर पाच महिने उलटले तरी उठता येत नव्हतं. तिला मी 23 औषधांपर्यंत नेलं. तेवीस! पिशवी एवढी फुगायची की भांड्यात पाणी वर यायला जागा राहायची नाही. आणि दर गुरुवारी विचारायचे, ‘या आठवड्यात किती चाललीस?’ ती खोटं सांगायची. मला कळायचं ती खोटं बोलते आहे, आणि मी मनात म्हणायचे, आळस. एका गुरुवारी तिच्या आईचा फोन आला की ती आता बाथरूमपर्यंतही धरून जाते, येणार नाही. मी ‘बरं’ म्हणाले. पुन्हा कधी फोन केला नाही.

माझी बाजूही ऐक. मी मनाने काही केलं नव्हतं. 2011 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासाने अशा थकव्यात व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवणं फायद्याचं ठरवलं होतं. सगळे तेच सांगत होते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तो सल्ला आपल्या मार्गदर्शिकेतून काढला तो 2021च्या ऑक्टोबरमध्ये. मला आधी कसं कळणार होतं? हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. अडचण एवढीच की मला कळायला ब्रिटनची गरज नव्हती. माझ्या कपाटात ते अठराशे वर्षांपूर्वीचं लिहून ठेवलेलं होतं, आणि मी ते पाठ केलेलं होतं.

‘शांग हान लुन’, तो तापावरचा जुना चिनी ग्रंथ, काढ. शेवटचं प्रकरण. तुम्ही पोरं पहिली तीस-चाळीस कलमं घोकता आणि शेवटाकडे कधी जात नाही, कारण परीक्षेत तिथलं येत नाही. तो लिहिणाऱ्या चांग चोंगचिंगच्या घराण्यात दोनशेवर माणसं होती. इसवी सन 196नंतरच्या दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, बहुतेक तापाने. या माणसाने तापाची औषधं लिहिली, आणि पुस्तक संपवताना तो ताप उतरलेल्यांकडे वळला. तिथे शब्द आहे ‘लाओ फू’: बरं होता होता श्रमाने पुन्हा पडणं. तुझ्या पत्रवाल्याला झालं ते हेच. लाँग कोविडवाले आज ज्याला श्रमानंतरचा कोसळा म्हणतात, ते मला यात सरळ दिसतं. ओढूनताणून जुळवते आहे असं कुणी म्हटलं तरी चालेल.

397वं कलम बांबूची पानं आणि जिप्समच्या काढ्याचं: झू ये शी गाओ तांग. सात घटक. आणि 398वं, म्हणजे पुस्तकातलं शेवटचं, त्यात औषधच नाही. रोग गेला आहे, नाडी ठीक आहे, पण संध्याकाळी माणूस किंचित बेचैन होतो. का, तर नुकता उठलाय आणि घरच्यांनी आग्रहाने जेवू घातलं. पोटाला ते पेलत नाही. उपाय चार अक्षरांचा: सुन गू त्स यू. धान्य कमी कर, बरा होईल.

एवढं मोठं पुस्तक, आणि शेवटचा शब्द ‘कमी कर’.

आपल्याकडे हे कुणाला नवीन आहे? मी बीएएमएस करून इथे आले तेव्हा त्या पदवीवर कॅलिफोर्नियात प्रॅक्टिस करता येत नाही हे कळलं, म्हणून वयाच्या तिसाव्या वर्षी चिनी वैद्यक शिकायला बसले. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पेज, मग मऊ भात, मग मुगाचं कढण हा सगळा क्रम आठवला. आणि हेही आठवलं की टायफॉइडमधून उठलेल्या माझ्या भावाला मामीने डिंकाचे लाडू आणून दिले होते आणि तो रात्रभर ओकला होता. माया होती हो तिची. आग्रह नेहमी मायेनेच होतो. तुझं 19 औषधांचं प्रिस्क्रिप्शन म्हणजे डिंकाचा लाडू आहे.

आणि तरीही 2022च्या जानेवारीत मला स्वतःला कोविड झाला तेव्हा मी बाराव्या दिवशी क्लिनिक उघडलं. आठ पेशंट घेतले. नवव्याची सुई हातात असताना भिंत हलली. मग सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत मी स्वतःसाठी काय काढा केला माहीत आहे? हुआंग ची घालून. हसू नकोस.

तर आता काय करायचं ते.

त्याला आधी त्याच्या डॉक्टरकडे पाठव: हिमोग्लोबिन, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, ईसीजी. सात महिन्यांचा थकवा म्हणजे लाँग कोविडच असं तू ठरवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतच ‘दुसऱ्या निदानाने उलगडत नाही’ ही अट आहे. दुसरं, त्याला दहा मिनिटं पडू दे, नाडी मोज, मग दहा मिनिटं भिंतीला टेकून उभं कर आणि दर मिनिटाला मोज. आपण तीन बोटांनी नाडीच्या अठ्ठावीस तऱ्हा ओळखतो आणि मिनिटाला किती पडते ते कुणी मोजत नाही. उभं राहिल्यावर 30ने वाढून तशीच राहिली तर आकडे लिहून कार्डिओलॉजिस्टकडे दे. मधेच चक्कर आली तर लगेच झोपव.

तो रक्तदाबाची गोळी घेतो हे तू तिसऱ्या पानावर कोपऱ्यात लिहिलं आहेस. तू तीन मिश्रणं एकत्र केलीस आणि तिन्हींत ज्येष्ठमध आहे. बेरीज केलीस का? ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि धडधडणाऱ्या माणसात तर ते नकोच. वाढवत गेलं की असं होतं, कुठलं औषध किती झालं हे घालणाऱ्यालाच कळत नाही. ‘नैसर्गिक आहे’ असं मला ऐकवू नकोस. मुंबईत गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं तिथल्या डॉक्टरांनी 2021मध्ये छापलं. आयुष मंत्रालयाने ते खोडून काढायचा प्रयत्न केला. वाद चालू दे. तू मात्र दर महिन्याला यकृताची तपासणी करायला लाव.

आणि हे त्याला स्पष्ट सांग: या काढ्यांनी लाँग कोविड बरा होतो असं छातीठोकपणे म्हणावं इतका पुरावा आज नाही. मी माझ्या पेशंटना पहिल्या दिवशी सांगते. काही उठून जातात. जाऊ देत.

मग एक आठवडा सगळं बंद. काहीही नाही. तू म्हणशील, पेशंट सोडून जाईल. बंद केल्यावर जे उरतं तो त्याचा आजार, बाकीचं तुझं. हे वेगळं झाल्याशिवाय तुला काही दिसणार नाही. त्या आठवड्यात त्याचं चालणं निम्म्यावर आण, आणि बरं वाटलं तर आणखी कमी. हो, बरं वाटलं तर. रजेसाठी पत्र लागेल, ते त्याच्या डॉक्टरकडून मिळवायला त्याला मदत कर. ते तुझ्या काढ्यापेक्षा जास्त कामाचं आहे. रात्रीचं जेवण अर्धं आणि लवकर. संध्याकाळची बेचैनी आणि झोप, दोन्ही मला तिथेच अडकलेली वाटतात.

आठवड्याने जीभ पुन्हा बघ. (तुझे आपल्याकडचे पेशंट सकाळी टंग क्लीनरने जीभ खरवडून येतात आणि तू ‘थर नाही’ असं लिहितेस. भेटीच्या दिवशी घासू नका म्हणून आधीच सांगत जा.) अजून तशीच लाल-कोरडी असेल, आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर झू ये शी गाओ तांग. ज्येष्ठमध गाळून, जिनसेंगच्या जागी अमेरिकन जिनसेंग, तेही थोडं. वर एकही घटक नको. हात शिवशिवले तर हातावर बस.

आणि दाणेदार पावडर देऊ नकोस, त्याला घरी उकळायला लाव. बाकीची औषधं आधी उकळून गाळायची, मग त्या पाण्यात मूठभर तांदूळ टाकून ते शिजेपर्यंत ठेवायचं, आणि तांदूळ काढून पाणी प्यायचं. पुस्तकात साधा तांदूळ सांगितला आहे. मी आंबेमोहोर वापरते. फ्रीमाँटच्या दुकानात मिळतो, आणि घरभर जो वास सुटतो त्याने अर्धं काम होतं, असं माझं मत आहे. त्याला काही आधार नाही.

मंगळवारी तो आला की उभं राहिल्यानंतरचे आकडे मला पाठव, फोटो त्याला विचारून. फोन करायचा असेल तर आठच्या आत कर. त्यानंतर मी उचलत नाही, अजूनही.

तुझी,
मॅडम

ता. क. त्या मुलीच्या आईचा नंबर माझ्या जुन्या डायरीत आहे. काल काढून ठेवलाय.