वाचकांचे प्रश्न : बदल केलेला जुना ट्रक आणि चेक इंजिनचा दिवा

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षांहून जुना, ५.३ लिटरच्या व्ही-८ पेट्रोल इंजिनाचा पिकअप ट्रक आहे. आधीच्या मालकाने एअर फिल्टरचा मूळ डबा काढून रुंद पाइप आणि तेल लावायचा कापडी फिल्टर बसवला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी लांब नळ्यांचे हेडर लावले आणि ३० इंची टायरऐवजी ३३ इंची टायर घातले. चेक इंजिनचा दिवा सतत लागलेला असतो. स्कॅनरवर पी०१७१, पी०१७४ आणि पी०४२० असे तीन कोड दिसतात. गॅरेजच्या सल्ल्याने पुढचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर नवे बसवले आणि कोड पुसले. काही दिवस दिवा विझला, मग तेच कोड परत आले. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील घातक वायू निवळणारा भाग, बदलण्याचा सल्ला मिळतो आहे. बदलावा का?

उत्तर : तूर्त बदलू नये. दिवा लुकलुकत नसून स्थिर आहे, त्यामुळे तपासाला आपल्याजवळ वेळ आहे. तो लुकलुकू लागला, तर मात्र इंजिन इतके मिसिंग करते आहे (सिलिंडरमधले पेट्रोल पेटायचे चुकते आहे) की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होऊ शकतो, असे समजावे आणि गाडी लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबवावी.

काही दिवस दिवा विझला, हा नव्या सेन्सरचा गुण नव्हता. असे बहुतेक कोड सलग दोन फेऱ्यांमध्ये तोच दोष आढळल्यावरच दिवा लावतात, आणि कोड पुसल्यावर कॉम्प्युटर त्याने शिकलेल्या सुधारणाही विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दोष जागेवरच असला तरी मधले काही दिवस शांततेचे जातात. शिवाय पी०१७१ म्हणजे इंजिनाच्या एका बाजूचे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि पी०१७४ म्हणजे दुसऱ्या बाजूचे लीन. दोन बाजूंचे दोन स्वतंत्र सेन्सर एकाच वेळी, एकाच दिशेने बिघडावेत, हे क्वचितच घडते. दोन्ही बाजू एकदम लीन दिसतात तेव्हा दोन्हींना समाईक असलेल्या गोष्टींकडे पाहावे लागते : हवा मोजणारा सेन्सर, इनटेकमधली गळती आणि इंधनाचा दाब. आपल्या ट्रकमध्ये यात आणखी एक भर घालावी लागेल, ती हेडरची, कारण ते दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसवले गेले.

आपल्या पत्रातील कोडांपेक्षा बदलांची यादीच मला अधिक बोलकी वाटते. ट्रकचा कॉम्प्युटर आजही असे धरून चालतो की पाइप, मॅनिफोल्ड आणि सेन्सरच्या जागा कारखान्यातून निघाल्या तशाच आहेत. कोडचा अर्थ एवढाच, की त्याला दिसणारे आकडे या गृहीतकाशी जुळत नाहीत. म्हणून बदल केलेल्या गाडीत पहिला प्रश्न ‘कोणता भाग बिघडला’ हा नसून ‘मोजमाप तरी बरोबर होते आहे का’ हा असतो.

कोड पुन्हा पुसण्याआधी स्कॅनरमधील फ्रीझ फ्रेम लिहून घ्यावी. कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, लोड, पाण्याचे तापमान आणि इंधनाची सुधारणा तिच्यात असते. त्यानंतर इंजिन पूर्ण गरम करून स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम हे दोन आकडे पाहावेत. दोन्हींची बेरीज हा खरा आकडा. तो अधिक असेल तर कॉम्प्युटर हिशेबापेक्षा जास्त पेट्रोल ओततो आहे, उणे असेल तर कमी. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असला तर फारशी चिंता नाही. अधिक २० ते २५ टक्क्यांच्या पुढे गेला की लीनचा कोड येण्याची वेळ होते. हा आकडा प्रत्येक बाजूसाठी एकदा आयडलवर (रेस न देता इंजिन नुसते चालू असताना), एकदा २५०० आरपीएमवर आणि एकदा चढावर किंवा जोराने वेग घेताना टिपून ठेवावा. चालत्या गाडीतील नोंद शेजारी बसलेल्या माणसाने करावी.

आयडलवर आकडा मोठा आणि रेस दिल्यावर तो उतरतो, असे असेल तर व्हॅक्यूमची गळती शोधावी. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना फटीतून शिरणाऱ्या हवेचे प्रमाण मोठे असते, रेस दिल्यावर ते एकूण हवेच्या मानाने क्षुल्लक होते. फाटलेली रबरी नळी, इनटेकचे गॅस्केट आणि नव्या पाइपला मूळ नळ्या जोडताना केलेली तडजोड, या जागा आधी पाहाव्यात. धुराची चाचणी यासाठी सर्वोत्तम. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची रीत जुनी असली तरी तापलेल्या हेडरजवळ ज्वलनशील फवारा मारणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. आयडलवर पाण्याचा बारीक फवारा मारूनही बरेच कळते. उलट, आयडलवर सारे ठीक आणि लोड वाढताच आकडा चढतो, असे असेल तर गेजने इंधनाचा दाब मोजावा. थकलेला पंप किंवा चोंदलेला फिल्टर तिथेच उघडा पडतो.

आपल्या बाबतीत मला तिसऱ्याच प्रकाराचा अधिक संशय आहे : आयडल असो वा रेस, आकडा साधारण सारखाच मोठा राहतो. हवा मोजणारा सेन्सर पाइपमधून जाणाऱ्या सगळ्या हवेला स्पर्श करत नाही. तापवलेल्या बारीक तारेवरून किंवा फिल्मवरून जाणारा लहानसा झोत तिला किती थंड करतो, यावरून तो एकूण हवेचा हिशेब बांधतो, आणि तो हिशेब ठरावीक व्यासाच्या पाइपपुरताच खरा असतो. पात्र रुंद झाले की नदी संथ वाहते, तसेच इथे होते. समजा, सेन्सरपाशी मूळ व्यास ८० मिलिमीटर होता आणि नवा पाइप ९० मिलिमीटरचा आहे. व्यास जेमतेम साडेबारा टक्क्यांनी वाढला, पण छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढले. तेवढीच हवा आता सुमारे २१ टक्के कमी वेगाने तारेवरून जाते आणि कॉम्प्युटरला १०० ऐवजी ७९ भागच दिसतात. त्या मानाने तो पेट्रोल सोडतो, मिश्रण खरोखरच लीन होते आणि ते सावरायला सुमारे २७ टक्के सुधारणा लागते. सगळे भाग धडधाकट असूनही दोन्ही कोड येतात.

म्हणून कॅलिपरने सेन्सरपाशीचा आतला व्यास मोजावा. नव्या पाइपात सेन्सर त्याच्या मूळ घरासह बसवला असेल, तर व्यासाचा प्रश्न उरत नाही, मात्र त्याच्या लगेच आधी तीव्र वळण असले तरी मोजमाप बिघडू शकते. फिल्टरला तेल जास्त लावले गेले असेल तर ते तारेवर बसते आणि सेन्सर, विशेषतः जास्त हवेला, कमी आकडा देतो. त्यासाठी याच कामाचा वेगळा क्लीनर मिळतो. तो मारावा, पण तारेला बोट किंवा कापूस लावू नये. ठोकताळा असा, की गरम इंजिन एसी बंद ठेवून आयडलवर असताना जितक्या लिटरचे इंजिन, साधारण तितके ग्रॅम हवा दर सेकंदाला दिसावी. आपल्याकडे ५ ग्रॅमच्या आसपास आकडा हवा, ३.५ ते ४ ग्रॅमच दिसले तर सेन्सरला हवा कमी दिसते आहे किंवा ती त्याला चुकवून आत शिरते आहे. आधीच्या मालकाकडे फिल्टरचा मूळ डबा शिल्लक असेल तर तो मागून घ्यावा आणि बसवून पाहावा. दुसरा एक पैसाही खर्च न करता मिळणारा याहून चांगला पुरावा नाही. काही ट्रकमध्ये हा सेन्सर नसतोच आणि कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधील दाबावरून हवा ठरवतो. अशा ट्रकला वरचा हिशेब लागू होत नाही.

आता हेडर. त्यांच्या जोडावर, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, बारीक फट राहिली असेल तर धूर बाहेर पडतो हे सर्वांना माहीत असते. पण धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन पाहून मिश्रण लीन असल्याचे सांगतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि लीनचा कोड असलेले इंजिन प्रत्यक्षात रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालू लागते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येऊन धातू तापताच तो कमी होत असेल, तर हीच फट समजावी. दोन्ही बाजूंचा एकेक स्पार्क प्लग काढून पाहावा. कोड लीन म्हणतो आणि प्लग कोरड्या काजळीने काळा पडलेला आहे, असे दिसले तर प्लगवर विश्वास ठेवावा.

पी०४२० हा कोड मी मुद्दाम शेवटी घेतला. पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज सुमारे ०.१ ते ०.९ या दरम्यान सतत वर-खाली होतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर त्याच्या मागच्या सेन्सरचा बराचसा स्थिर, ०.६ ते ०.७ च्या आसपास राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की कॉम्प्युटर कन्व्हर्टरला दोष देतो. पण दीर्घकाळ रिच चालणे, मिसिंग आणि मागच्या सेन्सरजवळची गळती यांनीही हा कोड येतो, आणि लांब हेडरमुळे कन्व्हर्टर इंजिनापासून दूर गेला असेल तर तो पुरेसा तापायला वेळ लागतो. मिश्रणाचा दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर त्याचीही तीच गत होईल. दोन्ही लीन कोड मिटल्यानंतर पी०४२० परत आला, तरच कन्व्हर्टरकडे वळावे.

टायरांचा या तिन्ही कोडांशी संबंध नाही. त्यांनी स्पीडोमीटर मात्र १० टक्क्यांनी मागे पडला आहे : काटा ६० दाखवतो तेव्हा आपण ६६ ने जात असता. ही दुरुस्ती कॉम्प्युटरमध्ये करून घ्यावी.

प्रश्न : रात्री जादा दिवे लावून गाडी चालवली की चेक इंजिनचा दिवा लागतो. दर वेळी कोड वेगळा असतो : कधी थ्रॉटलचा सेन्सर, कधी ऑक्सिजन सेन्सरचा हीटर, कधी गिअरबॉक्स. कोणता सेन्सर आधी बदलावा?

उत्तर : एकही नाही. परस्परांशी संबंध नसलेले भाग आळीपाळीने आजारी पडतात तेव्हा दोष त्यांच्या समाईक वायरिंगमध्ये असतो, आणि आपण निमित्तही सांगितलेच आहे. जादा दिव्यांना स्वतःचा रिले, फ्यूज आणि बॅटरीपर्यंत जाणारी स्वतःची अर्थिंगची वायर आहे का, ते पाहावे. ते इंजिनाच्या हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) एखाद्या वायरला चिमट्याच्या जोडाने अडकवलेले असतील, तर तो जोड काढून वायर नीट जोडावी; असे जोड वायरचे काही पदर कापतात आणि आत ओल धरतात.

नुसत्या डोळ्यांनी अर्थिंग तपासता येत नाही. इंजिन चालू, सगळे दिवे लागलेले, अशा स्थितीत मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या उणे खांबाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला आणि मग चॅसिसला लावावे. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. सेन्सर ५ व्होल्टच्या संदर्भावर चालतात, तिथे अर्धा व्होल्ट म्हणजे दहावा हिस्सा. कॉम्प्युटरची गफलत त्यातूनच होते. बॅटरीवरचा व्होल्टेजही त्याच वेळी पाहावा. सर्व दिवे लावल्यावर तो १३ च्या खाली उतरत असेल, तर अल्टरनेटरला हा भार झेपत नाही. हीटरचा कोड असल्यामुळे ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी सायलेन्सरच्या नळीला टेकून वितळल्या नाहीत ना, हेही खाली वाकून पाहावे.

प्रश्न : माझा ट्रक १९९६ च्या आधीचा आहे. नेहमीच्या स्कॅनरचा प्लग त्याला बसत नाही. कोड कसे वाचावेत?

उत्तर : अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना ओबीडी-२ ही समान पद्धत आणि १६ पिनांचा सॉकेट सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत निराळी होती. बऱ्याच ट्रकमध्ये सॉकेटमधील ठरावीक दोन टोके वायरने जोडली की चेक इंजिनचाच दिवा लुकलुकून कोड सांगतो : एक लुकलुक, विराम, मग दोन लुकलुक म्हणजे १२. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत इंजिन बंद असताना येणारा १२ हा दोष नसून यंत्रणा जागी असल्याची खूण असते. कोणती टोके जोडायची हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावे. १६ पिनांच्या सॉकेटवर हा प्रयोग करू नये, कारण त्यातील सोळाव्या पिनेवर बॅटरीचा प्रवाह कायम असतो. इंजिन दुसऱ्या गाडीचे बसवलेले असेल, तर मॅन्युअल कॉम्प्युटरच्या मॉडेलचे लागेल, ट्रकच्या नव्हे.

प्रश्न : ट्यूनिंग करणारे काही जण कोडच कायमचे बंद करून देतात. तसे करून घ्यावे का?

उत्तर : नाही. प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा अशी निकामी करणे अनेक देशांत बेकायदा आहे, आणि पुढे खरोखर मिसिंग सुरू झाले तर त्याची सूचनाही मिळेनाशी होऊ शकते. जुना, बदल केलेला ट्रक विकत घेतानाच हे तपासावे. इंजिन सुरू न करता चावी फिरवली की चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढलेला, जळालेला किंवा प्रोग्रॅममधून बंद केलेला आहे. दिवा लागून विझला तरी ओबीडी-२ असलेल्या ट्रकला स्कॅनर लावून रेडीनेस मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतः करायच्या तपासण्या पूर्ण झाल्या का, ते पाहावेत. बहुतेक सगळे ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर विकणाऱ्याने नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. अशा वेळी ते पूर्ण होईपर्यंत ट्रक चालवून पाहिल्याशिवाय व्यवहार पक्का करू नये.