घराजवळच्या नव्या कॉकटेल बारमध्ये पहिल्यांदा गेल्यावर काय मागवावं, आणि बार खरंच चांगला आहे हे कसं ओळखावं?

तुम्ही म्हणता की आजवर बिअर आणि व्हिस्की-सोडा यापलीकडे फारसं गेला नाहीत आणि यादीतली निम्मी नावं अनोळखी आहेत. माझं उत्तर सरळ आहे. पहिली डाकिरी (रम, लिंबू आणि साखरेचं आंबट-गोड पेय), दुसरी नेग्रोनी (जिनचं कडवट पेय), आणि तिसरं घ्यायचंच असेल तर त्या बारचं स्वतःचं एखादं पेय. क्रमही हाच ठेवा. नेग्रोनीचा कडवटपणा जिभेवर बराच वेळ राहतो, त्यामुळे ती आधी घेतली तर डाकिरीतला लिंबाचा नाजूकपणा कळतच नाही.

जायचं कधी? आठवड्याच्या मधल्या वारी, बार उघडल्यावर तासाभरात. नव्या बारचे सुरुवातीचे शनिवार-रविवार टाळा. तेव्हा हात बसलेला नसतो आणि गर्दी असते. टेबलापेक्षा काउंटरवर बसा, कारण ऑर्डर देण्याआधीच बरंच काही दिसतं. बारटेंडर दारू जिगरने (मापाच्या छोट्या पेल्याने) मोजून ओततो की अंदाजाने? माझा कल मोजणाऱ्याकडे आहे. आंबट-गोडाच्या पेयात ५ मिली इकडेतिकडे झाले तरी चव हलते. बर्फ कसा आहे तेही बघा. घट्ट, कोरडे, मोठे तुकडे असतील तर उत्तम. पोकळ, चकचकीत ओले, एकमेकांना चिकटलेले असतील तर सगळीच पेयं पाणचट होण्याची शक्यता. ग्लास फ्रीजमधून निघतात की कोरड्या गरम रॅकवरून, हेही टिपून ठेवा.

आता डाकिरी. पांढरी रम ६० मिली, ताजा लिंबाचा रस २५ मिली, साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक २० मिली. एवढंच. तीनच जिन्नस असल्याने चूक लपवायला जागा नाही, म्हणूनच मी ती आधी मागवतो. मागवताना ‘साधी, गाळून, बिनफळांची’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर काही ठिकाणी मिक्सरमधून काढलेली स्ट्रॉबेरीची येते.

शेकरमध्ये (बर्फासोबत पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) १०५ मिली जातं आणि १० ते १२ सेकंद जोरात हलवून गाळल्यावर १५० मिलीच्या आसपास बाहेर येतं. वाढलेला भाग बर्फाच्या पाण्याचा. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे, तो कृतीचाच भाग आहे. बर्फ वितळताना उष्णता शोषतो आणि त्यानेच पेय गार होतं, म्हणजे गारवा आणि पाणी बरोबरच येतात. अल्कोहोल असल्यामुळे ते शून्याच्या खाली, उणे ५ अंशांपर्यंतही जातं. बर्फ ओला असेल तर त्याच्या अंगावरचं पाणी काही गार न करता आधीच पेयात मिसळतं, आणि मग डाकिरी एकाच वेळी कोमट आणि पातळ लागते. हा दोष मला सगळ्यात जास्त वेळा दिसतो.

पहिला घोट लगेच घ्या. ओठाला झोंबणारा गारवा हवा, वर बारीक फेस हवा, आणि आंबट-गोड एकदम जाणवून शेवटी रमची चव उरायला हवी. रस शिळा असेल तर आंबटपणा बोथट होतो आणि मागे सालीसारखा कडवटपणा येतो. लिंबाचा रस पिळल्यापासून काही तासच चांगला राहतो, कालचा रस चालत नाही. पेय फारच गोड असेल तर बहुतेक वेळा शिळा रस झाकायचा प्रयत्न असतो. रम आवडत नसेल तर हेच माप जिनवर मागवा, परीक्षा तीच.

दुसऱ्या फेरीत नेग्रोनी: जिन ३० मिली, कंपारी (लाल, कडू इटालियन लिक्युअर, म्हणजे चव घातलेली गोडसर दारू) ३० मिली, गोड लाल व्हरमूथ ३० मिली. बर्फावर २० ते ३० सेकंद ढवळायची, मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर ओतायची, वर संत्र्याची साल. इथे परीक्षा व्हरमूथची. लोक जिनचा ब्रँड विचारतात, पण तिथे फरक कमी पडतो. व्हरमूथ म्हणजे मुळात वाईनच. तिच्यात वनस्पतींचा अर्क आणि थोडी कडक दारू घालतात, अल्कोहोल साधारण १५ ते १८ टक्के. एवढ्याने ती टिकत नाही. बाटली उघडली की हवा लागून खराब होऊ लागते. फ्रीजमध्ये महिना-दोन महिने बरी राहते, दिव्याखालच्या फळीवर मात्र त्याच्या कितीतरी आधी उतरते. खराब व्हरमूथची नेग्रोनी ओळखणं सोपं आहे. सुरुवातीला कडू, मध्ये काहीच नाही, शेवटी शिळ्या मनुकांसारखी आंबूस. ‘व्हरमूथ फ्रीजमध्ये ठेवता का?’ असं साधेपणाने विचारून बघा. चांगल्या बारमध्ये हा प्रश्न ऐकून बारटेंडर खूश होतो आणि बाटली काढून दाखवतो.

नेग्रोनी शेकरमध्ये हलवलेली दिसली तर तीही खूणच. हलवल्याने हवेचे बुडबुडे आणि बर्फाचे कण शिरतात. लिंबाच्या पेयाला ते हवेत, पण निव्वळ दारूंच्या मिश्रणाला त्याने गढूळपणा येतो. संत्र्याची साल ग्लासवर पिळून तिचं तेल उडवलं पाहिजे. नुसती वाळवलेली चकती टाकली तर ती दिसते छान, वास मात्र जवळपास शून्य. या पेयाचे दोन घोट घेऊन पाच-सात मिनिटं थांबा आणि मग पुन्हा चाखा. बर्फ चांगला असेल तर पेयाची चव हळूहळू खुलते, वाईट असेल तर तेवढ्यात पेयाचं पाणी होतं.

तिसरं, बारचं स्वतःचं पेय. यादीतली सात-आठ जिन्नसांची वर्णनं वाचून गोंधळू नका. त्यात आधी सांगाडा शोधा. दारू, आंबट आणि गोड असेल तर ती डाकिरीची बहीण. दारू, व्हरमूथ किंवा कडू लिक्युअर असेल तर नेग्रोनीच्या घरातली. उंच ग्लास आणि सोडा असेल तर हलकं, सावकाश प्यायचं पेय. यातलं तुम्हाला आधीच्या दोहोंपैकी जे आवडलं त्या घरातलं निवडा. धूर सोडलेली काचेची घुमटी आली तर मी सावध होतो, कारण तो वास बाकी सगळं झाकतो. याउलट दुधाने निवळलेलं पंच दिसलं तर जरूर घ्या. आंबट मिश्रण दुधात ओतून दूध फाडतात आणि त्याच चोथ्यातून संथपणे गाळतात. लिंबाचा तिखटपणा आणि दारूची तुरटी मऊ होते आणि पेय पाण्यासारखं स्वच्छ निघतं. ते आधीच करून ठेवलेलं असतं, त्यामुळे गर्दीच्या दिवशीही बिघडत नाही. दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र ते टाळा. दिसत नसलं तरी दुधाचे घटक त्यात उरतात. तसंच फेसाळ व्हिस्की सावरमध्ये (व्हिस्की, लिंबू आणि पाकाच्या पेयात) बहुधा कच्च्या अंड्याचा पांढरा भाग असतो, नको असेल तर आधी सांगा.

बारटेंडरवर निवड सोपवायची असेल तर तीन गोष्टी सांगा: कुठली दारू आवडते, आंबट हवं की कडू की गोडसर, आणि कडक हवं की हलकं. ‘गोड नको’ एवढंच सांगितलं तर तो पाक कमी करतो आणि उरतं नुसतं आंबट, विस्कटलेलं पेय. त्याऐवजी दुसऱ्या घराण्यातलं पेय मागणं केव्हाही बरं. पेय परत करायचं असेल तर दोन घोटांच्या आत आणि दोषाचं नाव घेऊन करा: कोमट आहे, रस कडू आहे, मागवलं ते हे नाही. कंपारी कडू लागली म्हणून नेग्रोनी परत करू नका, ती तशीच असते.

एका गोष्टीचा हिशेब जाण्याआधी करा, कारण चव फसवी असते. डाकिरीत ६० मिली ४० टक्क्यांची रम, म्हणजे २४ मिली शुद्ध अल्कोहोल. नेग्रोनीतल्या तिन्ही बाटल्यांची बेरीजही जवळपास तेवढीच येते. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये ते साडेसोळा मिली असतं. म्हणजे एक कॉकटेल साधारण दीड बिअर, आणि ते दहा-पंधरा मिनिटांत संपतं. २४ मिली म्हणजे सुमारे १९ ग्रॅम, आणि शरीर तासाला ७ ते १० ग्रॅमच जिरवतं. तीन पेयं उतरायला साधारण सहा ते आठ तास लागतात, पाणी-कॉफीने तो वेळ कमी होत नाही. म्हणून पोटात काहीतरी घालून जा, प्रत्येक पेयामागे एक ग्लास पाणी प्या, आणि शक्य असेल तर सोबत कुणाला तरी न्या. दोघांनी वेगवेगळी मागवून वाटून घेतली तर चार चवी दोन-दोन पेयांत कळतात. घर कितीही जवळ असलं तरी गाडी नेऊ नका. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी बिनदारूचं काहीतरी मागवा. लिंबू, पाक आणि बर्फ तिथेही तेच असतात, त्यामुळे बारची परीक्षा त्यातूनही होते.