'विस्मय', 'नवल' आणि 'अप्रूप'

प्रश्न असा आहे : लहानपणी कशानेही चकित व्हायचो, तो भाव मधल्या वर्षांत गेला आणि मोठेपणी पुन्हा जागा झाला, तर त्याला काय म्हणावं? 'आश्चर्य' चालेल का?

चालेल, पण तोकडं पडेल. पाणिनीचं सूत्रच आहे, 'आश्चर्यमनित्ये' (६.१.१४७). नेहमी घडत नाही ते आश्चर्य. 'नवल'च्या पोटातही 'नव' बसलेलंच आहे. 'अप्रूप' तर दुर्मीळ गोष्टीचंच; ती रोज दिसू लागली की 'आता त्याचं काही अप्रूप राहिलं नाही' म्हणून आपण मोकळे होतो. मोठ्या माणसाचं घोडं इथेच अडतं, कारण त्याच्या जगात नवं फारसं उरलेलं नसतं. शिवाय हे शब्द मोठ्यांनीच बिघडवलेत. 'नवलच आहे!' हे टोमण्याशिवाय शेवटचं कधी ऐकलंत? 'कौतुक आहे बाई तुझं' याचीही तीच गत. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, हे आता सांगूनही पटत नाही.

'विस्मय' मात्र वेगळा. त्यातला धातू 'स्मि', म्हणजे हसणं, 'स्मित' त्याचंच. वस्तू नवी किंवा दुर्मीळ हवी अशी अट या शब्दात नाही, त्याचं लक्ष पाहणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेला भाव, विस्मयच आहे. आणि हा काही पोरवयाचा भाव नव्हे. गीतेच्या ११व्या अध्यायात विश्वरूप पाहून 'विस्मयाविष्ट' होतो, अंगावर रोमांच उभे राहतात, तो चांगला जाणता, युद्धाला उभा ठाकलेला अर्जुन. पुढे तोच म्हणतो की मला हर्षही झाला आणि मन भयाने व्याकूळही झालं. ही दडपून जाण्याची छटा 'नवल'मध्ये नाही, 'अप्रूप'मध्ये तर नाहीच.

अडचण एवढीच, की 'मला विस्मय वाटला' असं बोलताना कोणी म्हणत नाही. तेव्हा लिहिताना 'विस्मय' घ्या, बोलताना 'नवल' घ्या. फक्त 'नवलच' म्हणू नका. तो 'च' गळला की टोमणाही गळतो.

आणि 'मला माझा विस्मय परत सापडला' हे वाक्य कृपा करून नको. हरवलेली छत्री सापडल्यासारखं वाटतं. 'रोजच्याच चंद्राचं पुन्हा नवल वाटू लागलं', एवढं पुरे.