आयएनएस पनवेल आणि १० डिसेंबर १९७१

दादा, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पनवेलच्या नावाची युद्धनौका खरंच होती का आणि असल्यास तिने १९७१ च्या युद्धात काय केलं, ही पहिली. दुसरी अशी, की त्या युद्धातल्या नौदलाच्या आणि हवाई दलाच्या कारवाया तारीखवार वाचायला बसलं की कराचीचा हल्ला, विक्रांत ही आपली विमानवाहू नौका, गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी आणि खुकरी ही आपली फ्रिगेट एवढंच हाती लागतं. रोज काय चाललं होतं ते कळत नाही, मग वाचायचं कसं. दोन्हींचं उत्तर १० डिसेंबर या एकाच दिवसात सापडतं, म्हणून एकत्रच लिहितो. उत्तर लांबेल.

आधी नौकेबद्दल. होय, आयएनएस पनवेल होती. सोव्हिएत बनावटीची, जेमतेम तीस मीटर लांबीची गस्ती नौका. तिच्या जोडीच्या नौकांची नावं पुलिकत, पणजी, पांबन, पुरी अशी किनाऱ्यावरच्या गावांची. पनवेलही मूळचं खाडीवरचं बंदर, त्यामुळे त्या यादीत ते अगदी शोभतं. या नौकांचं नेहमीचं काम म्हणजे बंदराच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत पहारा. शत्रूच्या नदीत शिरून त्याच्या बंदरापर्यंत जायचं, हे त्यांच्याकडून कुणी अपेक्षिलेलं नव्हतं. पनवेल मात्र तिथवर गेली.

त्यामागची गोष्ट मार्चपासून सुरू होते. पाकिस्तानची मंग्रो ही पाणबुडी तेव्हा फ्रान्समध्ये तुलोंला होती. पूर्व पाकिस्तानातल्या दडपशाहीच्या बातम्या ऐकून तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक तिथून निसटले आणि भारतात पोचले. त्यांच्याभोवती मुक्तिवाहिनीचं, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या दलाचं, नौदल कमांडो पथक उभं राहिलं. प्रशिक्षण भागीरथीच्या पात्रात, प्लासीजवळ. पोरं रात्री छातीला लिम्पेट सुरुंग (जहाजाच्या बुडाला चिकटवायचे) बांधून पोहायला शिकली. १५ आणि १६ ऑगस्टच्या मधल्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार ठिकाणी त्यांनी एकाच वेळी जहाजं उडवली. निघण्याचा इशारा आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून लागलेल्या ठरलेल्या गाण्याचा होता. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं असं आपण म्हणतो, पण नद्यांमधलं युद्ध त्याच्या साडेतीन महिने आधीच पेटलं होतं. हे ध्यानात ठेवलं नाही तर डिसेंबरातल्या नद्यांवरच्या घडामोडी उपऱ्या वाटतात.

या सगळ्या कामाच्या मुळाशी एक मराठी अधिकारी होते, कमांडर मोहन नारायणराव सामंत. पाणबुडीतला माणूस, आयएनएस करंज या पाणबुडीचे पहिले कमांडिंग ऑफिसर. कोलकाता पोर्ट ट्रस्टच्या दोन बोटींवर चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवून मुक्तिवाहिनीसाठी पद्मा आणि पलाश या दोन गनबोटी तयार झाल्या. डिसेंबरात त्यांच्यासोबत आयएनएस पनवेल आणि सीमा सुरक्षा दलाची चित्रांगदा आली. ही झाली फोर्स अल्फा, प्रमुख सामंत. पनवेलचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कमांडर जे. पी. ए. नोरोन्हा.

आता तारखा बघू, पण समुद्र आणि आकाश शेजारी शेजारी ठेवून. माझं म्हणणं एवढंच आहे: या दोन नोंदी वेगवेगळ्या वाचल्या तर प्रत्येक दिवस अर्धाच दिसतो.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर अशा आपल्या तळांवर हल्ले केले. १९६५ मध्ये जमिनीवरच विमानं गमावल्याचा धडा आपण घेतला होता. विमानं आडोशाला आणि पांगवून ठेवलेली, त्यामुळे नुकसान थोडं झालं. त्याच मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणमजवळ गाझी बुडाली. ४ तारखेला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव गाठलं. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एक नादुरुस्त होता, वेग कमी, तरी ती बंगालच्या उपसागरात उभी होती. त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीसमोर पोचल्या. खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज हे सुरुंग काढणारं जहाज बुडालं. कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्यांवर मात्र त्याच दिवशी सकाळी जामनगरहून उडालेल्या हंटर विमानांनीही मारा केला होता. टाक्या नेमक्या कुणी पेटवल्या यावर नौदलवाले आणि हवाई दलवाले आजही हिरिरीने वाद घालतात. नौदलाचीच नोंद वाचणाऱ्याला हा वाद आहे हेसुद्धा कळत नाही.

पूर्वेकडे ६ डिसेंबर महत्त्वाचा. मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीवर पाचशे किलोचे बॉम्ब टाकून ती निकामी केली. पूर्वेत पाकिस्तानकडे सेबर विमानांची एकच स्क्वाड्रन होती, ती जमिनीवरच अडकली. तिथून पुढे पूर्व बंगालच्या आकाशात उडणारं प्रत्येक लढाऊ विमान आपलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आपल्या विमानांपुढे आता दुसरं काम आलं. पाकिस्तानी सैन्य नद्यांवाटे समुद्राकडे पळू नये म्हणून बोटी, लाँच, तराफे जे दिसेल ते रोज मारलं जात होतं. आणि याच नद्यांमध्ये आपल्या चार नौका सुंदरबनातून वर सरकत होत्या.

१० तारखेला सकाळी फोर्स अल्फा पसूर नदीतून मोंगलाला पोचली. बंदर फारसा प्रतिकार न होता हाती आलं. तिथून खुलन्याकडे निघाल्या त्या पनवेल, पद्मा आणि पलाश. वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस, भांगाचं पाणी, म्हणजे भरतीही फार वर चढत नाही. वाशीच्या पुलावरून ओहोटीला खाली पाहिलंत तर चिखलातून उरलेली पाण्याची वाट दिसते. भरती-ओहोटीच्या नदीत नौकेला तेवढीच वाट असते, डावीउजवीकडे पळायला जागा नसते. दुपारच्या सुमारास, खुलना शिपयार्ड नजरेच्या टप्प्यात असताना, वर तीन नॅट लढाऊ विमानं दिसली.

गनबोटींवरच्या माणसांनी तोफा वळवल्या. सामंतांनी गोळीबार करू नका असं कळवलं, कारण विमानं आपली होती. त्यांचं बरोबरच होतं. ६ तारखेनंतर दुसरी विमानं असणारच कुठून? ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळी खूणही होती. विमानं घिरटी घालून लांब गेली आणि वळून हल्ला करत आली. आधी पद्मा, मग पलाश. पलाशच्या इंजिनरूममध्ये बंगाली नौसैनिक रुहुल अमीन होते. नौका सोडण्याचा हुकूम निघाला तरी ते इंजिन वाचवायला खालीच थांबले, आणि त्यांनी प्राण गमावले. बीरश्रेष्ठ हा बांगलादेशचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळालेल्या सात जणांपैकी ते एक.

पाण्यात उड्या मारलेल्यांवर काठावरून पाकिस्तानी गोळ्या येत होत्या. पनवेलला विमानांचा मार लागला नव्हता. निघून जाणं शक्य होतं. सामंत आणि नोरोन्हा यांनी तीच नौका त्या माऱ्यात ठेवून माणसं वर ओढली आणि पुढे काठावरच्या ठाण्यांवर मारा चालूच ठेवला. दोघांनाही महावीर चक्र मिळालं. माझ्या मते १९७१ च्या नौदलातल्या सगळ्या कामगिऱ्यांत ही सर्वांत कमी सांगितली गेलेली आहे, आणि याचं कारण उघड आहे: ती सांगायची तर आपल्याच विमानांनी आपल्या नौका बुडवल्या हेही सांगावं लागतं.

पण म्हणून वैमानिकांना दोषी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. ताशी सातशे-आठशे किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या विमानाला एका सेकंदात दोनशे मीटर कापायचे असतात. तीस मीटरची नौका, तिच्यावरची खूण, धुरकट हवा. वैमानिकाला सांगितलेलं असं की नदीवर हलणारं ते शत्रूचं. गफलत त्याच्या डोळ्यात नव्हती. आज नदीच्या कुठल्या टप्प्यात आपल्या नौका आहेत ही माहिती मुख्यालयातून तळावर आणि तळावरून कॉकपिटपर्यंत त्या तासाला पोचायला हवी होती. ती साखळी तुटकी होती. नौका ठरल्यापेक्षा वेगाने पुढे गेल्या की कालचा नकाशा आज खोटा ठरतो.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. चारच दिवस आधी, ६ डिसेंबरला, कराचीजवळ पाकिस्तानी हवाई दलाने स्वतःच्या झुल्फिकार या फ्रिगेटवर हल्ला केला. ४ च्या रात्रीच्या क्षेपणास्त्रांचा धसका असा होता की स्वतःचीच फ्रिगेट त्यांना भारतीय क्षेपणास्त्र नौका वाटली. माणसं मेली. ६ आणि १० या तारखा एकमेकींशेजारी मांडल्या की दिसतं, दोन्ही बाजूंची नौदलं आणि हवाई दलं शौर्याला कमी नव्हती, एकमेकांशी बोलण्यात कमी पडत होती.

आता तारखा वाचण्याबद्दल काही कामाच्या गोष्टी. वेळ बघताना कुणाची वेळ ते बघा. पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ आपल्यामागे अर्धा तास, पूर्वेचं आपल्यापुढे अर्धा तास. म्हणून एकच घटना दोन पुस्तकांत दोन वेळांना दिसते, आणि मध्यरात्रीच्या आसपासची असेल तर दोन तारखांना. कराचीचा पहिला हल्लाही कुठे ४ चा, कुठे ५ चा सापडतो, कारण तो ४ आणि ५ च्या मधल्या रात्रीचा. पंचांगही जवळ ठेवा. २ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा होती, त्यामुळे कराचीची पहिली रात्र अंधारी होती असं कुणी रंगवून लिहिलं असेल तर सावध व्हा. रात्र निवडली होती ती अंधारासाठी एवढी नाही, रात्री जहाजांवर हल्ला करण्याची विमानांची तयारी नव्हती म्हणून. बुडवल्याचे आणि पाडल्याचे आकडे दुसऱ्या बाजूच्या नोंदीशी ताडल्याशिवाय घेऊ नका, आपले असले तरी.

आणि ज्या दिवशी मोठं नाव दिसत नाही तो दिवस सोडून देऊ नका. ८ च्या रात्री विनाश या क्षेपणास्त्र नौकेने कराचीवर चार क्षेपणास्त्रं डागली, ९ ला संध्याकाळी दीवजवळ हँगोर पाणबुडीने खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांचा तो शेवट सगळ्यांना माहीत आहे. मग पुस्तकं एकदम ११ च्या टांगाइलच्या पॅराशूट उतरणीवर किंवा १६ च्या शरणागतीवर जातात. मधला १० डिसेंबर कोरा वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवशी पश्चिमेला नौदलाचं अलिझे विमान पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमानाने पाडलं आणि पूर्वेला खुलन्यासमोर हे सगळं घडलं. ढाक्यात १६ ला सह्या झाल्या तरी खुलन्यातल्या पाकिस्तानी फौजेने शस्त्रं खाली ठेवली ती १७ ला. सामंतांच्या माणसांनी ज्या किनाऱ्याचा मारा सोसला तिथली फौज शेवटपर्यंत लढत होती.

खांदा कॉलनी, उरण, करंजा, मोरा या भागात नौदलातून निवृत्त झालेली बरीच मंडळी राहतात. त्यांच्यापैकी कुणी पनवेलवर किंवा तिच्या जोडीच्या नौकांवर काम केलेलं असेल, तर इथे लिहावं ही मनापासून विनंती. कुठल्या यंत्राला काय त्रास व्हायचा, नदीत रात्री नौका कशी नांगरायचे, जेवणाचं काय करायचे, एवढंही चालेल; असली माहिती पुस्तकात नाही. आणि दादा, तुम्ही खुलन्याच्या आसपासचा नकाशा काढलात तर मोंगला ते खुलना हा टप्पा मोठा करून इथे टाका. १० तारखेचे तास त्यावर मांडायला मी मदत करतो.